पुस्तकात नसलेलं वाक्य

शाळेत त्यांना सगळे कुठंबाई म्हणत. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण पाठीमागे म्हणजे इतक्या मोठ्यानं, की बाईंना ते पहिल्याच वर्षी ऐकू आलं होतं. त्यांनी मनावर घेतलं नाही. नाव वावगं नव्हतंच. वर्गात कुणी काही म्हटलं की त्यांच्या तोंडून एकच प्रश्न निघायचा, “कुठं लिहिलंय?” गोष्टीतली काकू दुष्ट आहे? कुठं लिहिलंय? म्हातारा शेवटी पस्तावतो? कुठं? बोट ठेव. बोट ठेवता आलं तर शाबास, बस खाली. नाही आलं तर उभी राहा आणि शोध. वर्ग थांबेल, घंटा होईल, पुढच्या तासाच्या गणिताच्या बाई दारात ताटकळतील, पण बोट ठेवल्याशिवाय सुटका नाही.

हे खूळ त्यांना कॉलेजात लागलं. पहिल्या वर्षाला असताना त्यांनी एका कथेवर नऊ पानांचा निबंध लिहिला होता, अगदी भारावून. सरांनी नऊ पानांवर एक रेघ मारली नाही. शेवटी फक्त लिहिलं, ‘सुंदर. पण कथेत हे कुठं आहे?’ बाई घरी येऊन रडल्या, मग चिडल्या, मग कथा उघडून बसल्या. खरंच, कुठंच नव्हतं. त्या दिवशी त्यांचा स्वतःच्या भारावण्यावरचा विश्वास उडाला, तो उडालाच.

घरीही तेच. घड्याळं दुरुस्त करणारा नवरा नुसतं “दूध नासलंय” म्हणाला, तरी बाई पातेल्यात डोकावल्याशिवाय मानायच्या नाहीत. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, “मी मेले असं हिला सांगितलंत, तरी ही आधी नाडी बघेल.” आणि सासूबाई गेल्या तेव्हा बाईंनी खरंच आधी नाडी बघितली. नवरा हे अजून हसून सांगतो. बाई हसत नाहीत.

बसून राहणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत वर्गातली खुर्ची त्यांनी पर्स ठेवण्यापुरती वापरली. चष्मा गळ्यात साखळीला लोंबतोय, हातात पुस्तक उघडं आहे पण नजर पुस्तकात नाही, आणि बाकांच्या रांगांमधून येरझारा चालू आहेत, असा त्यांचा तास. पुस्तकात बघायची गरजच नव्हती. धडे तोंडपाठ होते. ते पुस्तक चौदा वर्षांपूर्वीचं, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेलं, तीनदा शिवून घेतलेलं. समासांत त्यांची मुंगीएवढ्या अक्षरातली टिपणं. मधे, नऊ वर्षांपूर्वी, पाठ्यपुस्तक बदललं. काही धडे गेले, काही नवे आले. नव्या धड्यांपुरतं बाईंनी नवं पुस्तक घेतलं आणि जे धडे राहिले ते जुन्यातूनच शिकवत राहिल्या. धडा तोच, नाव तेच. एवढी टिपणं पुन्हा उतरवत कोण बसणार?

‘फाटक’ हा असा राहिलेला धडा. पुराच्या दिवसांत पूल बंद केलेला असतो. फाटकावर एक पहारेकरी. पहाटे एक बाई आजारी बाळाला घेऊन येते आणि पलीकडे सोड म्हणून विनवते. सोडायची परवानगी नाही. पहारेकरी फाटक उघडतो. बस, एवढाच धडा. परीक्षेत त्यावर तीन गुणांचा प्रश्न ठरलेला: पहारेकऱ्यानं फाटक का उघडलं? तुमचं मत धड्यातल्या आधारांसह लिहा. उत्तर बाईंच्या मते उघड होतं. त्याला दया आली. आधार? ‘त्याने बाळाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कुलपावरचा त्याचा हात थरथरला.’ या वाक्यावर बाईंचा फार जीव. एकही मोठा शब्द न वापरता लेखकानं माणूस आतून उघडून दाखवलाय, असं त्या दर वर्षी सांगत.

त्या वर्षी दहावीच्या वर्गात एक मुलगी मधेच आली. वर्गानं तिचं नाव नवी ठेवलं आणि सहा महिने झाले तरी ती नवीच राहिली. तिचे वडील क्रेन चालवायचे. जिथं बांधकाम, तिथं बिऱ्हाड. पाच वर्षांतली ही तिची चौथी शाळा. बोलायची कमी, बघायची जास्त. ‘फाटक’वरच्या प्रश्नाला तिनं भलतंच उत्तर लिहिलं. पहारेकऱ्यानं फाटक दयेनं उघडलं नाही, भीतीनं उघडलं. बाईंनी तीनपैकी शून्य दिलं आणि लाल शाईनं खाली लिहिलं, ‘बाळाच्या चेहऱ्याकडे पाहिल्याचं वाक्य गाळलंस. धडा वाचलेला नाही.’

पेपर वाटले सोमवारी. पालकांची सही घेऊन दुसऱ्या दिवशी परत द्यायचे होते. मंगळवारी मधल्या सुट्टीत नवी शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी.

“बाई, आत येऊ?”

“आलीच आहेस. बोल.”

“प्रश्न सहा.”

“गुण वाढवून मागायला आली असशील तर आल्या पावली परत जा.”

“तसं नाही बाई. तुम्ही म्हणता ते वाक्य मला सापडत नाही. तीनदा वाचला धडा.”

“तीनदा वाचून सापडत नाही?” बाईंनी डबा बंद केला. “डोळे तपासून घे मग.”

गणिताच्या बाई खुसखुसल्या. नवी हलली नाही. तिनं आपलं पुस्तक टेबलावर उघडून ठेवलं, धडा काढला आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, “कुठं लिहिलंय, बाई?”

गणिताच्या बाईंचा घास तोंडात तसाच राहिला. अठ्ठावीस वर्षांत कुठंबाईंना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. पोरीच्या आवाजात उद्धटपणा असता तर बरं झालं असतं, रागावता तरी आलं असतं. तो नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“थांब, दाखवते.” बाई ताडकन उठल्या, कपाटातून तपकिरी पुस्तक काढलं, न बघताच बरोबर पानावर उघडलं आणि बोट ठेवलं. “हे काय. वाच.”

नवीनं वाचलं. मग आपलं पुस्तक सरकवून शेजारी लावलं आणि त्याच परिच्छेदावर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. डावीकडे परिच्छेद नऊ ओळींचा होता, उजवीकडे पाच. पहारेकरी चाव्यांचा जुडगा काढतो, आणि पुढच्याच वाक्यात फाटक उघडलेलं आहे. मधला बाळाचा चेहरा नाही, थरथरणारा हात नाही. चार ओळी कुणीतरी सफाईनं काढून टाकल्या होत्या, आणि जोड इतका गुळगुळीत होता की माहीत नसणाऱ्याला काही गेलंय अशी शंकाही येऊ नये.

“तुझं पुस्तक सदोष असेल,” बाई म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना लटका वाटला. “छपाईत होतं असं. मी बघते. पेपर ठेवून जा.”

“बाई, यादी शुक्रवारी जाणारे.”

“माहीत आहे मला.”

त्यांना पक्कं माहीत होतं. दर वर्षी शाळा निवासी कॉलेजाकडे दहावीतल्या एका मुलीचं नाव पाठवायची. राहणं, शिकणं, चार वर्षं सगळं एका जागी. नाव ठरायचं भाषेच्या गुणांवर. वकिलांच्या मुलीला अठ्ठ्याऐंशी होते आणि नवीला शहाऐंशी. जिनं पाच वर्षांत चार शाळा बघितल्या, तिला चार वर्षं एका जागी राहायला मिळणं म्हणजे काय, हे समजायला काही पुरावा लागत नव्हता.

पुढचे दोन तास बाईंनी कसे घेतले ते त्यांचं त्यांना ठाऊक. शाळा सुटल्यावर त्या तडक ग्रंथालयात गेल्या. तिथं त्या पुस्तकाच्या सात प्रती होत्या. पहिलीत वाक्य नाही. दुसरीत नाही. सातवी उघडेपर्यंत त्यांना आशा होती, म्हणजे बघा. ग्रंथपाल म्हणाला, “बाई, साती एकाच छापखान्याच्या आहेत, एकीत वेगळं काय निघणार?” बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो निमूट शिक्के मारायला लागला.

पण बाईंना दुसरंच काही खात होतं. नऊ वर्षं पुस्तकात ते वाक्य नाही. मग नऊ वर्षं मुली त्यांना ते वाक्य पेपरात लिहून कशा देत होत्या? वर्गात एकदा सांगितलेलं वाक्य परीक्षेपर्यंत शब्दन् शब्द ध्यानात राहील, एवढं लक्ष देऊन ऐकणाऱ्या मुली त्यांनी पाहिल्या नव्हत्या. आणि वर्गात ‘बोट ठेवा’ म्हटल्यावर चाळीस बोटं टेकायची, ती कशावर टेकायची?

बसथांब्याजवळ वह्या-पेनांचं दुकान होतं, आत झेरॉक्सचं मशीन घरघरत असायचं. बाई एरवी तिथं थांबायच्या नाहीत. त्या दिवशी बस समोर उभी असताना त्या दुकानात शिरल्या.

“दहावीच्या भाषेचं काही आहे का?”

“कुठंबाईंची वही देऊ?” दुकानदार मशीनवरून मान न उचलता म्हणाला. “सगळ्या मुली तीच नेतात.”

“कुणाची?”

“आहे एक बाई शाळेत, आधार-आधार करून जीव खाते पोरींचा. कुठल्याशा मुलीनं सगळ्या आधारांची वही करून ठेवलीय. कोणता प्रश्न आला की कोणतं वाक्य लिहायचं, सगळं ओळीनं. पुस्तक उघडायला नको.” त्यानं एक गठ्ठा पुढं टाकला. “तुमची मुलगी आहे का दहावीला? घेऊन जा, बाई खूश होईल.”

“होईल ना,” कुठंबाई म्हणाल्या. “फार खूश होईल.”

झेरॉक्सची झेरॉक्स, तिची झेरॉक्स. अक्षरं कडेनं फाटलेली, काही पानं तिरकी. बाईंनी दुकानाच्या पायरीवर उभ्या उभ्या चाळली. सगळं होतं. त्यांचे धडे, त्यांचे प्रश्न, त्यांचीच उत्तरं. ‘फाटक’च्या पानावर चौकट करून लिहिलं होतं, ‘त्याने बाळाच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि कुलपावरचा त्याचा हात अचानक थरथरला. (हे वाक्य लिहिलं नाही तर बाई गुण देत नाहीत.)’ अचानक? मूळ वाक्यात अचानक नव्हतं. नऊ वर्षांत उतरवता उतरवता कुणीतरी घातलं होतं.

दुसरी बस गेली. तिसरी गेली. बाई घरी चालत आल्या.

घरी येऊन त्यांनी पेपरांचा गठ्ठा सोडला. नवी सोडून एकेचाळीस पेपर. प्रश्न सहा काढायचा, बघायचं, बाजूला ठेवायचं. नवरा पलीकडे टेबलापाशी डोळ्याला भिंग लावून एका घड्याळात चिमटा घालत होता.

“अचानक,” बाई म्हणाल्या.

“काय अचानक?”

“हिनंही अचानक लिहिलंय. हिनंही. ही बघा, हिनंही.”

एकेचाळीसपैकी छत्तीस जणींनी अचानक लिहिलं होतं. वकिलांच्या मुलीनं तर खाली दोनदा अधोरेखितही केलं होतं. आणि प्रत्येक अचानकसमोर बाईंची लाल शाईतली बरोबरची खूण होती, जाड, झोकदार. उरलेल्या पाच जणींना वाक्य नीट आठवलं नव्हतं. त्यांना बाईंनी दोन-दोन दिले होते आणि ‘शब्दशः आधार हवा’ असं बजावलं होतं. ज्या एकीनं धडा खरोखर वाचला, तिला लिहिलं होतं, ‘धडा वाचलेला नाही.’

बाई उठल्या. ओट्यापाशी गेल्या, पाणी प्यायल्या, खिडकीशी आल्या, पुन्हा ओट्यापाशी गेल्या, धुतलेलं पातेलं पुन्हा धुतलं.

“अगं बस की जरा,” नवरा म्हणाला. “डोळ्यापुढून सारखी फिरतेस, माझा चिमटा हलतो.”

“अहो, मी अठ्ठावीस वर्षं काय शिकवलं?”

“आता मला काय विचारतेस? मी घड्याळवाला.”

“मी त्यांना बघायला शिकवत होते. आणि त्या मला हवं ते वाक्य आणून देत होत्या. मी घेत होते. एकदाही वाकून बघितलं नाही की बोट कशावर आहे.”

नवऱ्यानं भिंग काढलं. “त्या मुलीला तीन गुण देऊन टाक. एकोणनव्वद होतील, नाव जाईल, तिचं भलं होईल, तूही मोकळी होशील. विचारणार कोण आहे?”

सल्ला वाईट नव्हता. बाईंनी पेन्सिलीनं तीन लिहिलेही. मग सवय आडवी आली. नवं पुस्तक उघडून त्या नवीचं उत्तर ओळीओळीनं ताडून बघायला बसल्या.

पोरगी हुशार होती, यात वाद नाही. पहारेकऱ्यानं फाटक भीतीनं उघडलं, हे म्हणणं. आधार पहिला: उघडण्याआधी तो ‘कंदिलाची वात खाली करतो’, चांगलं काम करणारा माणूस उजेड कशाला कमी करेल? आहे, पुस्तकात आहे. आधार दुसरा: तो म्हणतो, ‘साहेब सहाला येतात. तोवर तू इथं दिसता कामा नये.’ तेही आहे. बाईंनी हे वाक्य चौदा वर्षं वाचलं होतं आणि कधी थबकल्या नव्हत्या. त्यांच्या पुस्तकात तर याच वाक्यापुढं समासात काही टिपणच नव्हतं. आणि तिसरा मुद्दा: ‘त्याला स्वतःचं मूल नव्हतं, म्हणून त्याला बाळाचं काही वाटलं नाही.’

बाईंनी धडा वर वाचला, खाली वाचला. पहारेकऱ्याच्या घराबद्दल एक अक्षर नाही. जुन्या पुस्तकात बघितलं. तिथंही नाही. हे पोरीनं मनचं घातलं होतं.

म्हणजे दोन. दोन म्हणजे अठ्ठ्याऐंशी. वकिलांच्या मुलीच्या बरोबरीला.

पेन्सिलीचे तीन त्यांनी खोडले. पुन्हा लिहिले. पुन्हा खोडले. कागद त्या जागी केसाळ झाला. ज्या बाईनं छत्तीस जणींना हवेतल्या वाक्यावर पूर्ण गुण दिले, तिनं याच पोरीला कानाकोपरा तपासून एक गुण कापायचा? हा कसला न्याय? पण अपराधाची टोचणी लागली म्हणून गुण द्यायचा, तर तोही हवेतलाच गुण झाला. बरं, छत्तीस जणींचे तीन-तीन काढून घ्यावेत, तर त्यांनी बाईंनी सांगितलं तेच लिहिलं होतं. बाईंच्या अंगावर चादर होती, दिवा मालवलेला होता, पण डोक्यातलं हे जातं काही थांबलं नाही.

बुधवारी त्या शाळेत गेल्याच नाहीत. गेल्या सहा वर्षांत पहिली रजा. छत्तीस पेपर पुन्हा तपासले, लाल खुणांसमोर पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं काढली, संध्याकाळी सगळी खोडली आणि मुलींचे गुण होते तसे राहू दिले. नवीच्या पेपरावर शाईनं दोन लिहिलं. ‘धडा वाचलेला नाही’ या शब्दांवर रेघ मारून खाली लिहिलं, ‘चूक माझी’, आणि सही केली.

गुरुवारी सकाळी त्या मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्या. मुख्याध्यापक सज्जन माणूस. कुणी खोलीत उभं राहिलं की त्यांना घाम फुटायचा.

“बसा ना बाई.”

“नको. सर, अठ्ठ्याऐंशीवर दोघी आहेत.”

सगळं ऐकून घेतल्यावर सरांनी कपाळावर हात मारला. “अहो, नऊ वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, ते तुम्ही यादीच्या आदल्या दिवशी कशाला उकरून काढलंत? वकीलसाहेबांना मी सांगून बसलोय.”

“काय सांगितलंत?”

“की... साधारण नक्की आहे म्हणून.”

“मग आता सांगा की साधारणच होतं.”

“अहो पण एकच नाव पाठवायचं असतं. दोघी कशा पाठवणार? जी आधीपासून पहिली आहे तिचं जाऊ दे. नवी काय, तिचे वडील सहा महिन्यांत दुसरीकडे जाणार.”

“एकच नाव पाठवायचं, हे कुठं लिहिलंय?”

सर थकून हसले. “आलात शेवटी तिथंच.”

“कुठं लिहिलंय, सर?”

“दर वर्षी एकच जातं.”

“दर वर्षी मीही तेच वाक्य शिकवत होते.” बाईंनी हात पुढं केला. “कॉलेजाचं पत्र द्या.”

पत्र खणात तळाशी होतं, घडीवर पिवळं पडलेलं. सूचना पाठच्या बाजूला, बारीक टाईपात. बाईंनी चष्मा लावला आणि या वेळी एकही ओळ न गाळता वाचत गेल्या. पाचव्या सूचनेवर बोट थांबलं. ‘गुण समान असल्यास समान गुण मिळवणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांची नावे पाठवावीत. निवड मुलाखतीनंतर कॉलेज करील.’

सरांनी दोनदा वाचलं. “हे कधीपासून आहे?”

“पहिल्यापासून असणार. आपण वाचलं नाही. पाठ असलेलं कोण उघडून बघतं?”

सरांनी कुरकुरत दोन्ही नावं लिहिली. सही करताना पुटपुटले, “वकीलसाहेबांना तुम्हीच सांगा आता.” बाई म्हणाल्या, सांगते. आणि दुपारी फोनवर सांगितलंही. त्या संभाषणाबद्दल एवढंच लिहिते की वकीलसाहेबांनी बाईंकडे पुरावा मागितला आणि बाईंनी तो दिला.

मधल्या सुट्टीत नवीला बोलावलं. पेपर पाहून तिचा चेहरा आधी उजळला, मग भुवया जवळ आल्या.

“दोन?”

“त्याला मूल नव्हतं, हे कुठं लिहिलंय?”

नवी पुस्तक घेऊन तिथंच भिंतीला टेकली. तिचं बोट पहिल्या ओळीपासून निघालं आणि हळूहळू शेवटापर्यंत गेलं. मग पुन्हा वर आलं. बाहेर मुली ओरडत होत्या. बाईंनी घाई केली नाही, आणि हे त्यांच्यासारखीला किती जड गेलं असेल ते त्याच जाणोत.

“नाही लिहिलेलं,” शेवटी ती म्हणाली. “मला तसं वाटलं.”

“वाटू दे. पण ‘वाटलं’ असं लिही.”

“मग दोन बरोबर आहेत.” ती थांबली. “पण बाई, बाकीच्यांचं वाक्य तर पुस्तकात नाहीच. त्यांना तीन.”

“हो.”

“हे बरोबर नाही.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “त्यांना ते मी दिलं होतं. काढून घ्यायचं तर आधी माझ्याकडून घ्यायला हवं. कसं घ्यायचं ते मला दोन दिवस सुचलेलं नाही. तुला सुचलं तर सांग.”

नवीला सुचलं नाही. ती नमस्कार-बिमस्कार न करता पुस्तक काखेत मारून निघून गेली. दारातून मात्र वळली. “मुलाखतीत काय विचारतात, बाई?”

“मला माहीत नाही. माहीत नसलेलं मी आता सांगणार नाही.”

सुट्टीनंतरचा तास दहावीचा. बाई वर्गात आल्या त्या नवं पुस्तक घेऊन. तपकिरी पुस्तक नाही म्हटल्यावर पुढच्या बाकावर कुजबूज झाली. बाईंनी पर्स खुर्चीवर ठेवली, चष्मा डोळ्यांवर चढवला आणि काहीही प्रस्तावना न करता सगळं सांगितलं. जुनं पुस्तक, गेलेल्या चार ओळी, दुकानातली वही, अचानक. ‘अचानक’वर मागचा बाक फिस्सकन हसला आणि लगेच गप्प झाला. वकिलांची मुलगी उभी राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“बाई, माझी पण वहीच होती. ताईची.”

“ओळखलं मी. बस.”

“मग माझे तीन?”

“तुझे तीन तुझ्याकडेच आहेत. मुलाखतीला दोघी जाताय, नीट वाचून जा.”

ती बसली; पण बसल्यावरही नवीकडे बघत राहिली आणि नवी पुस्तकाकडे.

“काढा धडा,” बाई म्हणाल्या. “पहिलं वाक्य. पहारेकरी कसा माणूस आहे? कुणीही सांगा. पण बोट ठेवून.”

“कर्तव्यदक्ष,” मधल्या रांगेतून आवाज आला.

“कुठं?”

चाळीस बोटं पटापट पुस्तकांवर टेकली, नेहमीसारखी. नेहमीसारख्या बाई म्हणाल्या असत्या, शाबास, आणि पुढं गेल्या असत्या. आज त्या पहिल्या बाकापाशी थांबल्या, कमरेत वाकल्या, आणि बोट उचलून खालची ओळ बघितली. तिथं नदीचं वर्णन होतं.

“नदी कर्तव्यदक्ष आहे का गं?”

वर्ग हसला. बाई दुसऱ्या बाकाकडे सरकल्या. मग तिसऱ्या. त्यांची कंबर दुखायला लागली, पाय पुढं पळायला बघत होते, दर दोन बाकांनंतर घड्याळाकडे नजर जात होती. पण त्या प्रत्येक बोटाखाली बघत गेल्या. घंटा झाली तेव्हा त्या अजून तिसऱ्या रांगेत होत्या, आणि धडा चार ओळी पुढं सरकला होता. दारात गणिताच्या बाई वही छातीशी धरून ताटकळत उभ्या होत्या.